वेळ विचारू नये

त्या मार्चमध्ये चार दिवस
लेबनॉनात एकदम दोन वेळा नांदत होत्या.
सरकार म्हणालं, रमजान उरकेपर्यंत काटे पुढे नाही.
चर्च म्हणालं, आमचे आजच.
मोबाइल स्वतःहून पुढे गेले, मग कुणी कुणी त्यांना कान धरून मागे आणलं.
बुर्ज हम्मूदच्या आमच्या दुकानात
बापाने, नुबार त्याचं नाव, वय एक्याऐंशी,
काचेमागचे सगळे लंबक हाताने थांबवले
आणि पाटी लावली :
वेळ विचारू नये.

म्हणून काय लोक राहतात?
अदीबा आली. तिच्या दोन्ही पोरांची शाळा आठलाच,
पण दोन आठांच्या मधे एक तास पडलेला,
आणि त्या तासात धाकटी फाटकाशी उभी, हातात अर्धं सफरचंद.
बसवाला वाजिह म्हणाला, मी सुटतो तेव्हा सुटतो.
चार दिवसांत खरं बोललेला तो एकटाच.
इफ्तारचं काही अडलं नाही.
सूर्याला कुणी परिपत्रक धाडलं नव्हतं.

डोळ्यावरचं भिंग न काढता बाप बोलत राहिला,
माझ्याशी की स्क्रूशी, कळेना.
"ही चोरी जुनी आहे, आराक्सी.
सोळा साल. एप्रिलची शेवटची रात्र.
जर्मनांनी अकराचे बारा केले, कोळसा वाचवायला.
तीन आठवड्यांनी इंग्रजांनीही तेच.
खंदकात एकमेकांचे गळे कापत होते,
पण युक्ती उचलायला लाज नाही वाटली.
चाळीस साली हॉलंडमध्ये शिरले,
तर रणगाड्यांपाठोपाठ त्यांची वेळही आली.
एका रात्रीत एक तास चाळीस मिनिटं गडप.
आणि अमेरिकेत, कुठलीही लढाई नसताना,
पस्तीस मैलांच्या एका बसमार्गावर
घड्याळ सात वेळा बदलावं लागायचं.
हसू नकोस. ड्रायव्हरचा विचार कर."

मी हसत नव्हते.
मी खालच्या खणाकडे बघत होते.

त्याच सोळा सालच्या त्याच एप्रिलमध्ये
बापाची आई सातेनिक, आठ वर्षांची,
देर एझ-झोरच्या वाटेवर होती.
परकराच्या दुमडीत तिच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ.
जुन्या चालीचं : सूर्य बुडाला की बारा,
रोज संध्याकाळी नव्याने लावायचं.
वडिलांना नेलं त्या दिवसापासून
ती रोज सूर्य बुडताना किल्ली फिरवायची,
काटे बारावर आणायची,
वडिलांचं राहिलेलं काम म्हणून.
मग एका विहिरीपाशी किल्ली पडली.
त्यानंतर नुसतेच काटे फिरवायची, बोटाने.

बर्लिनला त्या उन्हाळ्यात उजेड उरला, म्हणे.
उरलेला उजेड कुठे ठेवतात, मी बापाला विचारलं होतं, लहानपणी.
त्याने मला फुंकणी दिली आणि
चाकांमधली धूळ काढायला बसवलं.

चौथ्या दिवशी रात्री सरकारने माघार घेतली.
देश पुन्हा एका वेळेवर आला, जरा खजील होऊन.
बापाने सकाळी पाटी काढली,
लंबकांना एकेक करून धक्का दिला,
कुणी आधी बोललं, कुणी खोकलं, कुणी मुळीच नाही.
अदीबा पैसे द्यायला आली.
"कसले पैसे?" बाप म्हणाला. "मी तर चार दिवस काहीच चालवलं नाही."
धाकटीने काउंटरवर हनुवटी टेकवून विचारलं,
मी फाटकापाशी उभी होते तो तास आता कुणाचा?

बापाने भिंग वर केलं.
बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.
मग खालचा खण उघडला.
दुपार होती, सूर्य बुडायला अजून खूप अवकाश,
तरी तिच्या तळहातावर ते जुनं घड्याळ ठेवून
म्हणाला, "लाव. तुला वाटतील तेवढे."

तिने चार वाजवले.
का, ते नाही सांगितलं.