साधं बिल

रेवंडीच्या खाडीवर नवा रिसॉर्ट झालाय,
तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "मेस्त्री, जीएसटी नंबर?"
मी फोन नंबर सांगितला.
तो हसला नाही. हिशेबी माणूस, मला बरा वाटला.

"माका नंबर नाय," म्हटलं,
"वर्षाचा धंदा वीस लाखांच्या खूपच खाली.
कर लावूचो तर नंबर होयो, नंबर नाय तर कर नाय."

मग वहीतलं पान फाडून साधं बिल केलं:
सहा खिडक्या, दोन दारं, सामानासकट एवढे एवढे.
खाली सही, गोविंद तातू मेस्त्री,
आणि बोटाचा थोडा पॉलिश.

कर लावला नाही, पण भरला होता की.
कुडाळहून आणलेल्या प्लायवर अठरा टक्के,
स्क्रूवर, गोंदावर, बिजागऱ्यांवर.
दुकानदारानं दिलेला कर त्याला वळता होतो,
भरती त्याच्या धक्क्याला परत लागते;
माझ्या दारात नुसता गाळ.

तेव्हा तो मी भावातच बसवतो,
सांध्यात लाकडी मेख बसवावी तशी,
वरून रंधा मारला की दिसत नाही.

मॅनेजरनं पैसे मोजले. मग दार उघडलं, मिटलं,
परत उघडलं.
"अजिबात आवाज नाही हो!"

म्हटलं, "बिजागऱ्यांचो कर भरलोहा साहेब,
आवाज कशाक येतलो?"