चढावर वारा काचेकडे जातो

इल्मा लाम्पिनेन बाईंची तक्रार अशी:
सपाटीवर हीटर पायांवर येतो, गुण्यागोविंदाने.
खाणीचा चढ लागला, पाय ॲक्सिलरेटरवर दाबला,
की वारा पायांवरून उठतो
आणि काचेकडे जातो.
"माथ्यावर पोचले की परत येतो.
जसा काही बघून आला, कोण येतंय ते."

बाहेर उणे एकोणीस. सुपिरियर सरोवराकडून
बर्फ आडवं येत होतं.
बाईंच्या बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या.

मी म्हणालो, भूत नाही, पोकळी आहे.
श्रद्धांजलीच्या मजकुरात असते तसली नव्हे,
कधीही भरून न येणारी वगैरे;
ही इंजिन ओढून ओढून तयार करतं,
पाऱ्याचे अठरा इंच, काट्यावर मोजून घ्या.
काडीएवढ्या नळ्यांतून ती डॅशबोर्डामागे जाते
आणि तिथल्या झडपा ओढून धरते.
चढावर इंजिनाला स्वतःचंच पुरत नाही,
तेव्हासाठी एका डब्यात थोडी शिल्लक असते.
तुमची शिल्लक कुठेतरी झिरपतेय.

"मग खाली ओलं दिसेल ना?"

नाही. ही गळती आत गळते.
बाहेरची हवा घुसते, आणि डाग कशाचाच पडत नाही.

"पण काचेकडेच का?"

सगळं सुटलं की स्प्रिंग झडपांना तिकडे लोटते.
डेट्रॉइटच्या कुणा इंजिनियरनं ठरवून ठेवलंय:
काही उरलं नाही तरी
माणसाला समोरचं दिसावं.

"आणि पाय?"

पायांचं त्यानं काही ठरवलेलं नाही.

हातपंप लावला. काटा विसावर नेला.
सात मोजेपर्यंत शून्य.
मग एकेक फाटा चिमट्यानं दाबत गेलो:
डॅशबोर्डाचा स्विच, धरतो.
पायाकडची झडप, धरते.
एकतर्फी व्हॉल्व्ह तोंडात धरून फुंकला,
इकडून जातं, तिकडून नाही, शहाणा आहे.
डबासुद्धा ठणठणीत.
उरली ती बॅटरीखालून जाणारी काळी नळी,
जिथे कुणाचा हात सहसा पोचत नाही.

माझा डावा कान करवतीनं नेला, जंगलात असताना.
उजव्याला रबरी नळीचं एक टोक लावलं,
दुसरं अंधारात फिरवत राहिलो.
रेडिएटरचा पंखा, पट्ट्याची किरकिर,
आणि मग ते:
गरम कॉफीचा पहिला घोट
कुणी दात न उघडता ओढावा, तसं.

बॅटरी उचलली.
नळी मध्येच तुटली होती, फार पूर्वी,
आणि दोन टोकांत कुणीतरी
बॉलपेनची रिकामी कांडी खुपसून
वर विणकामाचा लाल धागा गुंडाळला होता.
काम नीटस. थंडीनं कांडीला
केसाएवढी चीर गेलेली.

"माझी लोकर," बाई म्हणाल्या.
कांडी हातात घेतली, दिव्याकडे फिरवली.
अर्धी पुसलेली अक्षरं: टॅव्हर्न,
खाली फोनचे चार आकडे.

"गॅरेजला द्यायला म्हणून
मी वाइनोला चाळीस डॉलर दिले होते."

मी पाना पुसत राहिलो. तो स्वच्छच होता.

"किती वर्षं टिकलं असेल हे?"
नऊ-दहा हिवाळे तरी.
"वाईट नाही," त्या म्हणाल्या,
आणि कांडी हातमोज्यात सरकवली,
अंगठ्याच्या कप्प्यात.

वीतभर नवी नळी घातली. काटा विसावर नेला,
तिथेच राहिला. आम्ही दोघं
जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत होतो.
बिलात फक्त नळी लिहिली, दोन डॉलर.

गाडी चढाला लागली. मागचे दिवे
बर्फात विरघळेपर्यंत मी दारात होतो,
आणि मग आठवलं, सांगायचं राहिलं:
आता चढावरही वारा पायांशीच राहील.
काच धुरकटली,
तर खटका स्वतः फिरवावा लागेल.