रकाना अकरावा

पुन्ता अरेनासला वारा सुटला की
पालिका चौकाचौकात दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
आमच्या आपत्कालीन विभागात दोर नाही.

रात्रीचे दोन चाळीस. फॉर्म भरतेय डाव्या हाताने,
अक्षरं कोंबडीच्या पायांची,
उजवा हात बर्फाच्या पिशवीखाली.
नाव: यास्ना. पद: परिचारिका. नोकरी: एकोणीस वर्षं.
इजा: मनगट.
मनगटाच्या पलीकडे कुठे लागलं, त्याला चौकट नाही.

तो मेंढ्या कातरणारा. भाऊ पडद्याआड,
आणि हा सात तास एकाच खुर्चीत,
अंगाला लोकरीचा वास,
टोपी पिळून पिळून सुंभासारखी केलेली.
मी पाहिली होती ती टोपी.
अकराला पाहिली. साडेबाराला पाहिली.
दोन्ही वेळा म्हणाले, "सांगते हं, आत्ता सांगते."

"आपलं कामच असलं, पोरी,"
पहिल्या वर्षी एदुविनाबाई म्हणाल्या होत्या,
गालावरची थुंकी पुसत,
चष्म्यावरची वाफ पुसावी तशी.
पुढच्यांना मीही तेच सांगत आले.

नवी मियाराय बर्फ बदलता बदलता विचारते:
कात्री वरच्या खिशात का ठेवता?
गळ्यातली पट्टी ओढली की सुटणारी का नाही?
दाराच्या वाटेत टेबल कुणी ठेवलं?
बटण दाबलं तर येतं कोण?

बटण दाबलं तर बारीया येतो,
बासष्ट वर्षांचा, गुडघा धरून.
तो पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं.

रकाना अकरावा: ही घटना टाळता आली असती का?
आजवर चार फॉर्म भरले. चारही वेळा "नाही".
न भरलेले मोजत नाही.
हात सवयीने "ना" काढतो.
खोडते.

लिहिते: साडेबाराला, दोन वाक्यं.
भाऊ जिवंत आहे. अजून वेळ लागेल.
लिहिते: दुसरी परिचारिका रजेवर, बदली कुणी नाही,
हे वर तीनदा कळवलं होतं.
मनगट पिरगळलं ते त्याने. तेही लिहिते,
माझ्या दोन वाक्यांनी त्याचा हात धुऊन निघत नाही.
जागा संपते. कागद उलटते.

पोलीस त्याला घेऊन गेले.
टोपी खुर्चीखाली राहिलीय.

मग आम्ही दोघी, तीन हातांनी,
टेबल ओढतो भिंतीकडे.
फरशी किंचाळते, तीन नंबरचा म्हातारा शिव्या देतो.
दार दिसायला लागतं.

सकाळी विचारतील, कुणाच्या परवानगीने हलवलं?
सही खाली आहे.
वेडीवाकडी, पण माझीच.