उपाशीपोटी

पहाटे सव्वापाचला फाटक मीच उघडते.
धोत्रेमामांना जाग येत नाही.
जुन्या स्कूटरला ते खोकल्यावरून ओळखायचे.
ही गाडी सरकते
फरशीवरून कुणी ताट पुढे सरकवावं, तशी.

मागच्या सीटवर बर्फाची पेटी, ट्यूबांचा स्टँड,
जांभळी टोपणं, लाल, करडी.
खड्डा आला की ती आपसात कुजबुजतात.
इतकी वर्षं रक्त नेते आहे मी या शहरात,
पण हे ऐकू आलं ते आत्ता.

कर्वेनगर, मग राजाराम पूल ओलांडून तीन घरं,
परत फिरून बावधन.
सात दारं, सात उपाशी माणसं.
दंडाला पट्टा. मूठ आवळा. आता सोडा.
"सुई कळलीच नाही हो," म्हणतात डोंगरेआजोबा,
"आणि तुम्ही आलात तेही नाही."

चांदणी चौकातून वारजेकडे उतरताना
काट्याच्या जागी असलेला आकडा एकानं वाढतो.
भाजीवालीनं न मागता वर टाकलेली कोथिंबीर जशी,
तसा तो एक टक्का मी जपून घरी आणते.

"आणि रस्त्यात संपली तर?"
सगळे हेच विचारतात, माझा भाचा तर हसून.
मी म्हणते, तुमची साखर रस्त्यात उतरली तर?
खिशात गोळी ठेवताच ना.

गल्लीत मात्र कुणी बाजूला होत नाही.
हॉर्न वाजवायचा जिवावर येतं,
इतक्या शांततेनंतर ते शिवी दिल्यासारखं वाटतं.
काच खाली करून म्हणते, "अहो, जरा..."
लोक दचकतात. एक बाई म्हणाली,
"केव्हापासून होतात मागे?"

रात्री तिसऱ्या मजल्यावरून नारिंगी वायर खाली सोडते,
गाडीला सलाइन लावल्यासारखी.
ती जाते दुसऱ्या मजल्यावरच्या
मिरीकर काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून.
सभेत विषय क्रमांक सहा: लोंबती वायर.
काकू उभ्या राहिल्या.
"मला खिडकीतून आंबा दिसायचा.
आता आंबा आणि वायर दिसते."
चार्जिंग पॉइंटचा ठराव पुढल्या सभेवर गेला.
ती पुढली सभा अजून पुढेच आहे.

गुरुवार. दिवसभर लाइट नाही.
गाडीलाही उपास.
चौदा टक्के. रात्री अकराला वायर लावली
आणि झोपले, मेल्यासारखी.
मागून केव्हातरी माझ्या घरातला एमसीबी पडला.
मला काय पत्ता.

शुक्रवारी खाली आले तर एक्क्याण्णव.
पण वायर पांढरी.
नारिंगी बाजूला, नीट वेटोळं करून,
सुतळीनं बांधलेली.
पांढरीचा माग काढत मान वर केली,
दुसरा मजला. गॅलरीत शाल पांघरून काकू.

"हिरवा दिवा दिसेना रात्री.
रोज दिसतो.
तुमची बेल दोनदा वाजवली. उठला नाहीत.
मग गिझरच्या पॉइंटला लावली.
जिना दोनदा उतरावा लागला, गुडघ्याचं माझं मी बघते."

मी काही बोलणार, तेवढ्यात,
"पंधरा युनिट झाली. मीटर आधी पाहिला, नंतर पाहिला.
फ्रिजचं वजा केलंय.
कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, दुधाच्या खाली.
आणि वर या आधी.
आज माझंही रक्त आहे तुमच्या यादीत,
मी अजून चहा घेतलेला नाही."

यादीत त्या पाचव्या होत्या.
मी पहिल्या केल्या.
स्वयंपाकघरात स्टुलावर हात ठेवून बसल्या,
खिडकीबाहेर आंबा
आणि पांढरी वायर.

मूठ आवळा, म्हटलं.
सोडा म्हणायच्या आतच
त्यांनी सोडली होती.