बारा व्होल्ट

गाडी ब्याऐंशी टक्के भरलेली होती
आणि दार उघडत नव्हतं.
सकाळचे साडेसहा, कुडचडे, आमचं अंगण.
मामंजींच्या डायलिसिसची फाइल काखेत,
आणि मी हँडल ओढतेय,
बंद दुकानाची कडी वाजवावी तशी.

फोनवर पुण्याची मुलगी गोड बोलली.
गाडी पूर्ण चार्ज आहे मॅडम, म्हणाली,
टोइंग सोमवारी येईल.
आज शुक्रवार होता.
मडगावची खुर्ची आठला आमची, सव्वाआठला दुसऱ्याची.

मामंजी पायरीवर बसून बघत होते.
सव्वीस वर्षं खाणीवर टिपर चालवला त्यांनी.
ही गाडी आली त्या दिवशीच म्हणाले होते,
आवाज ना, मगे मेली का जिती कळटलें कशें?
आज म्हणाले नाहीत. चाव्यांचा जुडगा मागितला,
रिमोटच्या पोटातून नखाएवढी खरी चावी काढली
आणि दाराला भोक शोधत राहिले,
शर्टाचं हरवलेलं बटण शोधावं तसे.

बॉनेटखाली इंजिन नाही.
प्लास्टिकचं झाकण, त्याखाली दुसरं झाकण,
आणि कोपऱ्यात एक साधी काळी बॅटरी,
कुठल्याही जुन्या मारुतीत असते तशी.
हीच मेली होती.
दारं, पडदा, दिवे, कुलूप, सगळं हिच्याकडे;
मोठीला जागं करायचं तेसुद्धा हिनेच.
डिकीत युगाच्या दप्तराचा पट्टा अडकलेला,
आतला इवलासा दिवा रात्रभर जळत राहिलेला.

सूर्या गावकाराचा टिपर आणला समोर.
"चोवीस आहे तो," मामंजी ओरडले,
"दोघींतल्या एकीवरूनच घे, नाहीतर जाळशील."
लाल लालला. काळी उघड्या लोखंडाला.
आणि पडदा उजळला, सुप्रभात वगैरे म्हणाला,
जणू रात्रभर झोपच झाली होती त्याची.
"नवी कितीक पडते?"
पाच हजार.
"मग तीन वर्षांनी बदल. मरायची वाट पाहू नको."

चैत्रात चार्जरवर लाल दिवा लागायचा.
दिवसा चालायचा, संध्याकाळी हटून बसायचा.
कंपनीच्या माणसाने दोनदा चार्जर बदलला.
कायतान आला, भिंतीकडे बघितलंच नाही त्याने,
थेट माडाखालच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला,
जांभा बोटांनी कुस्करला. कोरडा, भाजलेल्या विटेसारखा.
"बाय, जमीन तहानलीय. वायर काय करणार?"
तेव्हापासून युगा रोज एक बादली ओतते तिथे,
रविवारी मूठभर मीठ.
शेजारच्या आताशियाने विचारलं, काय लावलंय?
युगा म्हणाली, गाडी.

अनमोड घाट उतरताना
मामंजी पहिल्यांदा पुढच्या सीटवर नीट बसले.
पाय सोडला की गाडी आपणच आवरते,
आणि आकडा वर चढतो:
एकतीस, बत्तीस, मोल्याला पोचेस्तोवर पस्तीस.
त्यांचा उजवा पाय तरी नसलेला ब्रेक दाबत होता.
बराच वेळाने म्हणाले,
"आम्ही या उतारावर ब्रेक जाळले गो.
लायनरचा वास अजून नाकात आहे."

मडगावला ते चार तास खुर्चीत,
गाडी खाली चार तास वायरीला.
मी मध्ये बाकावर, एका हातात फोन,
टक्के बघते, मग वर काचेतून त्यांचा हात बघते.
दोन्हीकडे हिरवं असलं की चहा घेऊन येते.

रात्री घरी आलो की
मामंजी जुन्या सवयीने बॉनेटवर तळवा ठेवतात.
पूर्वी टिपर विझला तरी अर्धा तास
इंजिन टिकटिकत निवत राहायचं;
त्या टिकटिकीवर ते जेवायचे.
"गरम नाही," म्हणतात,
युगाच्या कपाळाला हात लावून म्हणायचे तसंच.
थोडे थांबतात.
मग मागे जाऊन डिकी एकदा उघडतात,
पट्टा आत ढकलतात,
आणि पुन्हा लावतात. जोरात.