दाभणाचं टोक

नंदुरबारात मिरचीचा हंगाम सुरू झाला
की पाहुणे स्टेशनाबाहेर शिंकतच येतात.
मी शिंकत नाही.
पस्तीस हंगाम काढलेत पथारीवर,
पोती मोजत, ढीग उलथत,
अनवाणी.
मालावर चपला घालून चालायचं नाही,
असं माझ्या आधीच्या मुकादमानं सांगितलं होतं
आणि त्याला त्याच्या आधीच्यानं.

पहिल्या वर्षी पाय असे पेटायचे
की रात्री ताकाच्या पातेल्यात बुडवून बसायचो.
केशर म्हणायची, उद्या कढी कशाची करू?

मग एका वर्षी आग थांबली.
मला वाटलं, मिरचीनं ओळखलं मला.
एप्रिलात गोदामाच्या पत्र्यावर उभा राहून
पोरांना दाखवायचो:
बघा रे, काही होत नाही.
खरंच काही होत नव्हतं.
तेच तर झालं होतं.

साखर निघाली तेव्हा बाजार हसला,
तिखटाच्या धंद्यात सुपडू गोड झाला.
मीही हसलो. गोळ्या आणल्या.
कधी घेतल्या, कधी लग्नसराई होती.

पोतं शिवायच्या दाभणाचं टोक
सकाळी कधीतरी तुटलं आणि आत गेलं.
दिवसभर मी त्याच्यासकट चाललो.
लाल मिरचीवर लाल,
कोणाला दिसणार?
संध्याकाळी घरी आलो,
केशर ओट्यावर उभी,
बघत माझ्याकडे नव्हती, माझ्या मागं,
सारवलेल्या जमिनीकडं.
"तुमना पायमाईन रगत निंघी ऱ्हायनं,"
इतक्या हळू म्हणाली
की मला वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल सांगतेय.

सिव्हिलात वळवी सिस्टर.
तिनं नायलॉनचा तुकडा काढला,
मासे धरायच्या गळाला असतो तसला.
म्हणाली, तळव्याला टेकवते, जाणवलं की हो म्हणा.
मी तिच्या हाताकडं बघून म्हणत गेलो,
हो. हो. हो.
तिनं हसून माझ्या डोळ्यांवर
माझाच रुमाल टाकला.
मग खोलीत नुसता पंखा होता.
मी वाट बघत राहिलो.
"टेकवा की, सिस्टर."
"काका, दहाच्या दहा ठिकाणी टेकवून झालं."

अंगठा वाचला.
शेजारचं बोट तिथंच ठेवून यावं लागलं.

आता पथारीवर बूट घालून जातो, काळे, बंद.
बाया म्हणतात, मुकादम, वरातीला निघाले का?
म्हणू द्या.
घालण्याआधी बूट उलटा करून आपटतो,
आत हात घालून चाचपतो.
विंचवासाठी बाप असंच करायचा.
विंचू चावला तर त्याला कळायचं,
एवढाच फरक.
मोजे पांढरेच, हा केशरचा हट्ट,
पांढऱ्यावर काही लपत नाही म्हणते.
अंघोळीचं पाणी ती आपल्या कोपरानं बघते.
माझ्या पायाच्या शब्दावर
घरात आता कोणी विश्वास ठेवत नाही.

रात्री भांडी झाली की ती चष्मा लावून बसते.
मी दाढीचा आरसा तळव्याखाली धरतो.
एकेक बेचकी उघडून बघते,
ढिगातली मिरची उचलून
मी देठापाशी बुरशी शोधायचो, तशी.
टाचेला तेल लावते, बेचक्यांत नाही.
तिथं ओल राहते म्हणून
जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टिपत राहते.

काल आरशात तिचा अंगठा
माझ्या टाचेवर फिरताना दिसला.
फक्त दिसला.
"लागी ऱ्हायनं का?" तिनं वर न बघता विचारलं.
सिस्टरला म्हणालो तसं
हिलाही हो म्हणता आलं असतं.
इतकी वर्षं तिला हो म्हणतच आलो,
नीट न ऐकता.
"नही," म्हणालो.
"बरं," म्हणाली,
आणि दुसरा पाय मागितला.