सत्तर-तीस

मुलुंडच्या मंडईमागे, गोणपाटावर,
हिलमबाई धायटीची फुलं घेऊन बसतात
फेब्रुवारी सरता सरता, जेमतेम तीन आठवडे.
"किती देऊ?"
"दोन किलो."
"एवढी कोन बाळंत झालीय?"
म्हटलं, कोणी नाही. प्रयोग आहे.
त्यांनी वर एक मूठ टाकली. प्रयोगाला.

फुलं वाळवली सावलीत, म्हणजे खाटेखाली.
भांडुपच्या आमच्या खोलीत सावली तेवढीच.
आठ दिवस अंथरुणांना
चिंचगुळासारखा वास.

मग माटुंगा, तिसरा मजला.
धुराड्याचा पंखा कण्हत फिरतो,
चार चंबू, चार द्रावकं,
फूल एकच.

हेक्झेनशी ते उंबऱ्यावरूनच बोललं:
थोडं मेण, थोडं तेल, बसा म्हणालं नाही.
नळीतलं जांभळं जांभळंच राहिलं.
इथाइल ॲसिटेटला जरा आत घेतलं.
मिथेनॉलपुढे मात्र घडाघडा.
अर्धा तास काळोखात ठेवून नळी काढली
तर जांभळं ओसरलेलं,
मागे उरलेला पिवळा, डब्याच्या तळाच्या हळदीचा.
पण मिथेनॉल डोळे घालवतं.
त्यातला अर्क कुणाच्या घशात ओतणार?

पाणी गरीब. पाण्याला फुलानं
तुरटपणा दिला, साखर दिली, चिकटाही दिला,
आणि शनिवारी झाकलेल्या काढ्यावर
सोमवारी बुरशीची साय.

शेवटी सत्तर भाग इथेनॉल, तीस भाग पाणी.
नळी हलवली नाही तोच रंग गेला.
मी आकडा तीनदा घेतला.
कासखेडीकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून
चौथ्यांदा.
"बरं," म्हणाल्या,
आणि उत्तरपत्रिकांकडे वळल्या.

मे महिन्यात सांगायला गेले
तर गोणपाटावर करवंदं.
हिलमबाईंनी ऐकून घेतलं. गिऱ्हाईक केलं.
सुट्टे मोजता मोजता म्हणाल्या,
"आमची सासू मडक्यात पानी, गूळ अन् हीच फुलं घालायची,
तोंड लिंपून महिनाभर भुशात पुरायची.
फुलंच पान्याची दारू करतात,
मंग दारू फुलांतलं काढती.
बाटली कशाला आनायची बाहेरून?"

हिशेब जुळत नाही, मला ठाऊक आहे.
मडक्यात मद्य चढून चढून दहा टक्के,
माझे सत्तर.
परीक्षक हेच विचारतील, आणि बरोबरच विचारतील.
महिनाभर भुसा उबदार ठेवायला
प्रयोगशाळेत जागा कुठली, हेही.

तरी रात्री तक्त्याला एक रकाना वाढवला.
हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल,
पाणी, सत्तर-तीस,
आणि शेवटी: मडकं.

मॅडम खोडतील.
पेन्सिलीनंच लिहिलंय.
करवंदांचा डाग मात्र
कागदावर पडला तो पडलाच,
अजून कशानं निघत नाही.